डॉल्फोच्या वडिलांना थांबवून ठेवलं होतं

आखातातल्या मुसफ्फाच्या आमच्या वर्कशॉपमध्ये रोडोल्फो मागसिनो हा वेल्डिंगचा फोरमन होता. सगळे त्याला डॉल्फो म्हणत. मी तिथे अकाउंट्स सांभाळायचे. जेवणाच्या सुट्टीत एकदा वडिलांचा विषय निघाला, की स्वारी थांबायची नाही. म्हातारबा फिलिपिन्सच्या सैन्यात, एकेचाळिसाव्या डिव्हिजनमध्ये होते. बेचाळीस साली जपान्यांनी त्यांना बाताआनच्या डोंगरात कोंडलं. समोर तोफा, मागे समुद्र. भात संपत आला, तशी माणसं माकडं मारून खाऊ लागली. मदतीची जहाजं शेवटपर्यंत आली नाहीत.

"मेरा बाप सरेंडर नहीं किया," डॉल्फो दरवेळी बजावायचा. "ऊपर से ऑर्डर आया."

सत्त्याण्णव साली डॉल्फोला गावाकडून बहिणीचा फोन आला, वडील गेले. आमचे मालक अंबादासराव माणूस म्हणून वाईट नव्हते, पण सगळ्यांचे पासपोर्ट त्यांच्या तिजोरीत. त्यांनी डॉल्फोला शेजारी बसवलं, स्वतः चहा दिला.

"अब जाके क्या करेगा? तू पहुंचेगा तब तक सब हो गया होगा. रिफायनरी बंद है तब तक शटडाउन का काम निपटा, फिर आराम से जा."

आपल्याकडे संध्याकाळच्या आत सगळं उरकतात, तेच त्यांच्या डोक्यात. माझ्याही.

"यस सर," म्हणून डॉल्फो कामाला लागला.

आठवडा उलटल्यावर मी सहज विचारलं, "वहां सब विधी कौन कर रहा है?"

"विधी बाकी है, मॅडम. पापा घर में है. मेरे लिए रुका है."

त्यांच्याकडे परदेशातलं लेकरू पोचेपर्यंत पुरत नाहीत. देह टिकावा म्हणून औषधं भरून शवपेटीत घरातच ठेवतात, शेजारीपाजारी रात्रभर जागतात.  मी भडकलेच. "बोला क्यों नहीं?"

"सर ने मना किया ना."

अंबादासराव त्या दिवशी उम्म अल कुवैनच्या साइटवर होते, तिजोरीची किल्ली त्यांच्याजवळ. मी त्यांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अनुराधा, मला वाटलं कधीच झालं असेल गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते थेट वर्कशॉपमध्ये आले, हातात पासपोर्ट. "यल्ला डॉल्फो, आज ही निकल. टिकट मैं करता हूं."

डॉल्फोने हातमोजे काढले. पासपोर्ट मात्र घेतला नाही.

"छुट्टी का कुछ पता नहीं था, सुबह मैंने बहन को बोल दिया, मत रुको. अभी कब्र पे होंगे सब."

"तो भी जा ना, बेटा."

"अब किसके पास जाऊं, सर?"

तो खरंच विचारत होता. उत्तराची वाट बघत उभा राहिला.