सायलेन्सर माझा होता

आमच्या गाडीच्या सायलेन्सरबद्दल सोनाळा गावात जे बोललं जातं ते खोटं आहे. तो माझ्या मुलानं लावला नव्हता. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी स्वतः मलकापूरला जाऊन तो बसवून आणला. तीन वर्षं ही गोष्ट मी गिळून बसलो, आणि त्याची किंमत मुलानं मोजली.

त्याआधी वर्षभर मला ऐकू कमी येत होतं. कापूस बाजारात एकदा गाडी चालू असतानाच मी पुन्हा चावी फिरवली. स्टार्टर कर्कश वाजला म्हणे. मला फक्त शेजारच्या टेम्पोवाल्याचा चेहरा दिसला. "काकाजी, चालूच हाये थे गाडी," तो ओरडला आणि पोत्यांवर बसलेले हमाल हसले. शहाण्या माणसानं कानाचं यंत्र घेतलं असतं. मला म्हातारा म्हणवून घ्यायचं नव्हतं, म्हणून मी गाडीचाच आवाज वाढवला.

मलकापूरला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर मागितला तेव्हा दुकानदारानं विचारलं, "पोराची फर्माईश काय, काकाजी?"

"हाव. आजकालच्या पोट्ट्यांचं काय सांगावं."

खोटं तिथूनच सुरू झालं. वॉरंटीच्या कार्डावर सही मात्र मी केली.

'परफॉर्मन्सचा हाये, पिकअप वाढते,' असं दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. पिकअप तसूभर वाढला नाही. चढावर गाडी पूर्वीसारखीच दमायची, फक्त आता ती दमली हे अर्ध्या तालुक्याला कळायचं. साठच्या वेगाला आत असा घुमारा भरायचा की आरशाला टांगलेली माळ थरथरायची. एवढी मोठी सात माणसांची गाडी, पण तिच्यात दोन माणसांना बोलता येत नव्हतं. शेगावला जाताना बायको कानात कापूस घालून बसायची. एकदा तो काढून म्हणाली, "महाराजाच्या पाया पडाले जाऊन राह्यलो का त्याइले उठवाले?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. ही युक्ती मला तेव्हाच सापडली.

आणि मला, सांगायला लाज वाटते, ते सगळं आवडत होतं. बसस्टँडजवळ माणसं मान वळवायची. काही रिकामटेकडे तर मागे वाकून त्या नळकांड्याकडे असे बघायचे जणू त्यात देव बसला आहे. मी मुद्दाम गियर उतरवायचो. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, आणि मागे ही बोंब. माझ्या वयाच्या माणसानं यापेक्षा मूर्ख दिसण्याचा दुसरा मार्ग शोधून दाखवावा.

पण मूर्ख मी दिसलोच नाही, कारण लोकांनी सगळं मुलाच्या नावावर टाकलं. तरणा मुलगा घरात असताना म्हाताऱ्यावर कोण संशय घेणार? मुलगा ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवतो. मोटरसायकल अशी चालवतो की सायकलवाले पुढे जातात. मोठ्या गाडीला तो आईला दवाखान्यात न्यायचं असेल तरच हात लावायचा. तरी शेजारीण त्यालाच बोलायची, "काऊन रे, तुह्या भोंग्यानं माही म्हैस पान्हा चोरते." तो खाली बघून ऐकायचा. मी ओट्यावर पेपर वाचत असायचो.

मग त्याच्या लग्नासाठी पाहुणे आले. मुलीचे वडील आणि मामा. आमच्याकडे पाहुणे घरी येण्याआधी बसस्टँडवर चहा घेतात आणि मुलाबद्दल चार ठिकाणी विचारतात. घरचा चहा त्यानंतर. त्यांना बसस्टँडवर काय ऐकायला मिळालं असेल हे मला ठाऊक होतं.

लाईट गेली होती. पंखा बंद, खोली एकदम शांत. मामानं बशी खाली ठेवली आणि हळूच, अदबीनं विचारलं, "भाऊ, गाडीले थो सायलेन्सर कोनं लावला?"

मला प्रत्येक शब्द ऐकू आला. मी कानामागे हात धरला. "अं? काय म्हंता?"

त्यांनी मोठ्यानं पुन्हा विचारलं.

"पोहे घ्या न," मी म्हणालो.

मामा मुलीच्या वडिलांकडे बघून हसले. "बुवाले ऐकू येत नाही." माझा मुलगा दाराशी उभा होता. तो म्हणाला, "घरचीच गाडी हाये, मामा. काढून टाकू थो."

वर्षभर जे बहिरेपण मी जगापासून लपवलं, ते त्या दिवशी पुढे करून मी त्याच्या आड लपलो.

चार दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती. मुलगी मुलाच्या मनात भरली होती. ते चार दिवस तो फोन हातात घेऊन ओट्यावर बसायचा, तसा तो कधी बसत नाही.

पुढच्या आठवड्यात त्यानं गोठ्याच्या माळ्यावरून जुना सायलेन्सर काढला आणि गाडी घेऊन गेला. परत आला तेव्हा गाडी फाटकातून आत आलेली मला कळलीसुद्धा नाही. गावानं माझी पाठ थोपटली. "काकाजीनं कान उपटले पोराचे. बापाचा धाक पाह्यजे." मी त्या लोकांचा चहा पिऊन आलो.

कानाचं यंत्र मी यंदा घेतलं. ते लावून बसस्टँडवर गेलो आणि सगळ्यांना सांगितलं, "थो सायलेन्सर म्या लावला होता." ते हसले. एक जण म्हणाला, "बाप हाये न, पोराचा आळ आपल्या आंगावर घेते." दुसऱ्याचे तर डोळे पाणावले. खोटं बोललो तेव्हा कुणी उलटा प्रश्न केला नव्हता. खरं बोललो तर ह्या शहाण्यांनी मला थोर करून टाकलं. म्हणून आता लिहून ठेवतो आहे.

येत्या गुरुवारी दुसरे पाहुणे येणार आहेत. काल मुलगा बैठकीतल्या खुर्च्या पुसत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा, या टायमाले लाईट असो का नसो, विचारलं तर सांगजा."

त्या दिवशी मला ऐकू आलं होतं, हे त्याला तेव्हापासून ठाऊक होतं.

"हाव," मी म्हणालो.

त्यांनी विचारायची वाट मी बघणार नाही. पोहे बाहेर यायच्या आधी सांगणार आहे. बसस्टँडवरच्यांसारखे तेही मला थोर समजू लागले तर वॉरंटीचं कार्ड पुढे ठेवीन. ते शोधून सदऱ्याच्या खिशात घालून ठेवलं आहे. त्यावरची सही माझी आहे.