कसले पेढे?

कारण नसताना पेढे वाटणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच होता आणि तो नेमका आमच्या समोरच्या घरात राहत होता. तसे पेढे आपण सगळेच वाटतो. पोरगं पास झालं, नोकरी लागली, नातू झाला की पुडा आणायचा, हा आपला रिवाज. आमचे समोरचे ड्रॉइंग मास्तर मात्र, ना निकाल ना पगार अशा कुठल्यातरी निरुपद्रवी मंगळवारी, पांढऱ्याशुभ्र शर्टात पुडा घेऊन दारात उभे राहत. "कसले हो?" असं विचारलं की म्हणत, "खव्याचे!" आणि स्वतःच एवढ्या मोठ्यानं हसत, की कोपऱ्यावरचा पानपट्टीवाला तिथून ओरडे, "मास्तर, मला ठेवा की एक!"

मास्तर ख्रिस्ती. रविवारी उपासनेला निघाले की त्यांचं गाणं चर्चच्या आधी आमच्या गल्लीला ऐकावं लागे. पण लांब चेहरा करून जगाच्या मजेपासून दूर बसणाऱ्यांतले ते नव्हते. पेठेची फुटबॉल टीम जिंकली की गुलालात न्हाऊन मिरवणुकीत नाचणाऱ्यांत मास्तर पहिले. वय आणि बायको, दोघांचाही मुलाहिजा न ठेवता. फक्त चार दिवसांनी त्याच पोरांना गाठून ते मोठ्या कुतूहलानं विचारत, "काय रं, कप जिंकल्याचं अजून वाटतंय काय?" तोवर कप कुणाच्या घरी ठेवायचा यावरून पोरांची जुंपलेली असे. मलाही त्यांनी सोडलं नाही. कित्येक वर्षं वाट पाहून माझा स्कूटरचा नंबर लागला, तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. मास्तरांनी माझे दोन पेढे खाल्ले, मागं बसून रंकाळ्याला चक्कर मारून घेतली आणि पंधरवड्यानं विचारलं, "स्कूटर कशी हाय?" मी म्हणालो, "किक मारून मारून पाय दुखतो." "आणि आनंद?" तो कुठला राहायला! शेजारच्या वकिलांनी माझ्याहून भारी स्कूटर आणली होती.

एकदा मी वैतागून विचारलंच, की तुमच्या घरी तरी असं काय घडतं? "घडून गेलंय की," मास्तर म्हणाले. "प्रभूनं मला आपला म्हटलं. बातमी जुनी हाय, पण शिळी न्हाई. तुमाला आपलं रोज नवं कायतरी घडायला लागतंय." मला ते पटलं नाही. पण त्या दिवसापासून मी मास्तरांवर नजर ठेवली. हा आनंद येतो कुठून, आणि कधीतरी आटतो की नाही, हे मला बघायचंच होतं.

तशी वेळ आली ती त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या निमित्तानं. एकुलती एक मुलगी, शाळेत शिकवणारी, बापासारखीच हसरी. मिरजेचं चांगलं स्थळ चालून आलं. मंडळी दुपारी बघायला यायची आणि सकाळी मास्तर पुडा घेऊन बाहेर पडले! मास्तरांच्या बाईंनी दारातच हात जोडले, "आजच्या दिवस नको हो." "पावणं येणार म्हणून आनंदाला सुट्टी द्यायची व्हय?" म्हणत मास्तर निघालेसुद्धा.

दुपारी मिरजेच्या मंडळींनी कोपऱ्यावर मास्तरांचं घर विचारलं. पानपट्टीवाला प्रेमळ माणूस; या खेपेला तरी पेढ्यांना कारण असणार, असं त्यानं धरून चाललेलं. "या की पावणं! सकाळीच पेढे वाटल्यात मास्तरनी. पोरीचं जमलंय बगा." मंडळींनी एकमेकांकडं पाहिलं. दुसरीकडं ठरलेलं असताना आपल्याला बोलावलं, हा अपमान समजून ती तशीच स्टँडकडं वळली. इकडं भिजवलेले पोहे संध्याकाळपर्यंत वाट बघत राहिले. खरा प्रकार कळल्यावर पानपट्टीवाला मास्तरांच्या पायरीवर डोकं धरून बसला.

दुसऱ्या दिवशी मास्तर मिरजेला गेले आणि सगळं खरं खरं सांगून आले. तिथंच घात झाला. मुलाचे वडीलही ख्रिस्तीच होते, उपासना न चुकवणारे. पण ते म्हणाले, पोरीचं ठरलं नसेल तर मग पेढे कसले? कारण नसताना पेढे वाटणाऱ्या घरातली मुलगी आम्हाला नको.

त्यानंतर कितीतरी मंगळवार आले न् गेले, पेढे आले नाहीत. रविवारचं गाणंही थांबलं. मला फार वाईट वाटलं, आणि तरी आतलं कुतूहल काही गप्प बसेना. शेवटी जाऊन विचारलं, "मास्तर, संपला का हो आनंद?" त्यांनी वर पाहिलं. डोळे लाल होते. "दुःख लई झालंय," ते म्हणाले. "माझ्यापायी पोरीचं मोडलं. पण घरचं माणूस रुसून आतल्या खोलीत बसलं, म्हणून ते घर सोडून गेलं असं हुतंय व्हय? हाय आत. बोलत न्हाई एवढंच."

पुढच्याच महिन्यात एका मंगळवारी आमची कडी वाजली. दारात मास्तरांची मुलगी, हातात पुडा. "अगं, कसले?" आमची ही सवयीनं बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. मुलगी म्हणाली, "कायच न्हाई काकू. बाबांचा हात अजून उठंना, म्हणून मीच आले." समोरच्या दारात मास्तर उभे होते. तोंडावर पंचा धरून ते रडत होते की हसत होते, मला कळलं नाही. आमच्या हिनं मुलीला जवळ घेतलं. मी पेढा तोंडात टाकला.

पुढं मुलीचं लग्न झालं, सोलापूरच्या एका मास्तराशी. निवृत्तीनंतर मास्तर आणि बाईही तिकडंच गेले. परवा मला काय वाटलं कोण जाणे, मी पेढे घेतले आणि वकिलांकडं गेलो. त्यांनी हसून विचारलं, "वा! कसले?" खव्याचे म्हणायचं अगदी ओठांवर होतं. पण नुसतं तेवढं बोलायला जे अंगात असावं लागतं, ते माझ्याकडं नव्हतं. "मुलाला बढती मिळाली," मी दडपून सांगितलं. वकिलांनी तोंडभरून अभिनंदन केलं. उरलेला पुडा घेऊन मी घरी आलो आणि मास्तरांच्या बंद दाराकडं बराच वेळ बघत उभा राहिलो.