आम्हा दोघींची लेखिका

लग्न होऊन मी भिलाईला आले तेव्हा छत्तीसगड राज्य नुकतंच झालं होतं. माझं माहेर गोंदियाजवळचं, धानाच्या शेतीचं. नवरा स्टील प्लांटमध्ये, रोलिंग मिलला. त्याची पाळी दर आठवड्याला बदलायची, त्यामुळे तो कधीही झोपलेला असायचा. भांडी हळू ठेवायची, रेडिओ लावायचा नाही, फेरीवाल्याला खिडकीतून हाताने खुणावायचं, असं सगळं मी शिकून घेतलं. आवाज न करता करण्यासारखं एकच काम मला आवडायचं, ते म्हणजे वाचन.

आमच्या क्वार्टरच्या एका बाजूला बिहारचं कुटुंब होतं, दुसऱ्या बाजूला आंध्रचं. माणसं चांगली होती, पण बोलणं सगळं हिंदीत. नवऱ्याशी जे चार शब्द होतील तेवढीच माझी मराठी. मग एका हळदीकुंकवाला काकू भेटल्या. त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते, घर हुडको कॉलनीत. माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, आवाज खणखणीत. मी कोपऱ्यात बसले होते, तर माझ्याजवळ येऊन त्यांनी पिशवीतून एक कादंबरी काढली.

"वाचते का वो?"

"वाचतो ना काकू. पण इथं भेटते कुठं?"

"हे घे. आमचे हे नागपूरहून आणतात. फाडू नको अन् कोणाले देऊ नको."

ती आमच्या लेखिकेची पहिली कादंबरी. पोस्टात काम करणारी एक साधी मुलगी, आणि तिच्या खिडकीशी रोज येणारा एक माणूस, जो बोलताना अडखळतो. त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत ती थांबते, रांगेतले लोक ओरडले तरी थांबते. एवढंच प्रेम. शेवटी तिची बदली होते. निरोपाच्या दिवशी तो स्टँडवर येतो आणि त्याला जे सांगायचं असतं ते गाडी सुटेपर्यंत पूर्ण होतच नाही. ती खिडकीतून ओरडत नाही, रडत नाही. पिशवीतला पेरू काढते आणि खायला लागते. ते पान वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले होते. नवरा उठला, म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "कांदा."

पुस्तक परत द्यायला गेले तेव्हा काकूंनी दारातच विचारलं, "पेरूपर्यंत आली का?"

तेव्हापासून आमचं जमलं. काका नागपूरहून पुस्तक आणायचे, आधी काकू वाचायच्या, मग मी, आणि मग सुपेल्याच्या बाजारात भाजी घेता घेता आम्ही त्या पुस्तकातल्या माणसांबद्दल अशा बोलायचो, की भाजीवाल्याला वाटायचं घरच्याच कोणाची भानगड चालली आहे. एकदा त्याने विचारलंसुद्धा, "फिर लड़की का क्या हुआ, अम्मा?"

पहिली चार-पाच पुस्तकं तशीच चांगली होती. मग कधी काय बदललं ते मला नेमकं सांगता येत नाही. एका कादंबरीत थंड हवेच्या ठिकाणचा बंगला आला. छान वाटला, आम्हाला कुठे जायला मिळत होतं बंगल्यात! पुढच्या पुस्तकात पुन्हा बंगला. मग नायक श्रीमंत व्हायला लागले, सगळे उंच, सगळे आतून दुखावलेले. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी गैरसमज व्हायचा. नायिका धुक्यात एकटी निघून जायची, तो मागून यायचा आणि आपला कोट तिच्या खांद्यावर टाकायचा. हा कोट कधी चुकला नाही. भिलाईच्या उन्हाळ्यात कूलरसमोर बसून आम्ही त्या कोटाची वाट पाहायचो.

"आला का?" काकू विचारायच्या.

"आला."

"कोणत्या रंगाचा?"

"राखाडी."

आणि आम्ही हसायचो. पण घरी आल्यावर मला ते हसणं पुरत नसे. ज्या लेखिकेने पोस्टातल्या त्या मुलीला ओळखलं होतं, तिला आता एकही साधी बाई दिसत नव्हती का? मला राग नव्हता. जवळच्या माणसाने आपल्याशी पाहुण्यासारखं गोड बोलायला लागावं, तसं काहीतरी वाटायचं.

नवरा गेला तेव्हा मुलगी पुण्याला नोकरीला लागलेली होती. तेरावं झालं, गावाकडची माणसं परत गेली, मुलगीही गेली. क्वार्टर आम्ही लीजवर घेतलं होतं, म्हणून मी इथेच राहिले. घरात आता आवाज करायला हरकत नव्हती. पहिले काही महिने मी तरीही भांडी हळूच ठेवत होते. उतईकडून कामाला येणारी बाई छत्तीसगढीत बोलायची, दूधवाला हिंदीत, मुलगी रविवारी फोनवर अर्धं इंग्रजीत. कधी कधी सगळा दिवस जायचा आणि तोंडातून मराठीचा एक शब्द निघालेला नसायचा.

काका आधीच गेले होते. काकूंच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला आणि अक्षर दिसेनासं झालं. मी दुपारी शेअर ऑटोने हुडकोला जायला लागले, त्यांना वाचून दाखवायला. त्यांचा मुलगा नागपूरला गेला की नवं पुस्तक घेऊन यायचा. त्या पलंगावर आडव्या, मी खिडकीजवळ खुर्चीत. सून चहा ठेवून टीव्हीच्या खोलीत जायची.

त्या दुपारी आम्ही आमच्या लेखिकेची नवी कादंबरी घेतली होती. बंगला झाला, गैरसमज झाला, धुकं उतरलं. मी वाचत होते आणि माझाच आवाज मला कंटाळवाणा वाटत होता. नायकाने कोट काढला. पुस्तकात पुढे लिहिलं होतं, की तिने डोळे मिटले आणि त्या उबेत ती विरघळून गेली. मला ते वाचवेना. मी पानाकडे पाहत पाहतच म्हणाले, "ती म्हणाली, मला थंडी वाजत नाही. तुमचा कोट तुम्हीच घाला."

काकू एकदम उठून बसल्या.

"हे तिनं नाही लिहिलं."

"कावून? तिनंच लिहिलं."

"खोटं नको बोलू. तिची पोरगी कधी नाही म्हणत नाही." मग म्हणाल्या, "तू मनानं सांगून राहिली. सांग, पुढं सांग. काय म्हणे मंग तो?"

मी पुष्कळ विचार केला. तो काय म्हणेल? रागावेल? हसेल? कोट हातात घेऊन तसाच उभा राहील? त्या दोघांना मी धुक्यात उभं करून ठेवलं होतं आणि मला पुढचं एक वाक्य सुचत नव्हतं. काकू वाट पाहत होत्या. त्यांचे डोळे माझ्याकडे होते, पण जरा बाजूला, जिथे मी नव्हते तिथे.

"नाही जमत काकू मले," मी म्हटलं.

"हं," त्या पुन्हा आडव्या झाल्या. "तिले बी नसन जमत आता. थकली असन ती. एकटी असन." मग म्हणाल्या, "वाच जसं हाय तसं."

मी जसं होतं तसं वाचलं. लग्न झालं, पुस्तक संपलं. त्या दिवशी ऑटोत बसल्यावर पहिल्यांदाच मला त्या बाईचा, म्हणजे लेखिकेचा, चेहरा कसा असेल असं वाटलं. पुस्तकाच्या मागे फोटो असायचा, पण तो तरुणपणचा होता, दर पुस्तकावर तोच.

पुढच्या वर्षी काकूंच्या मुलाने हैदराबादला नोकरी धरली आणि सगळे तिकडे गेले. घर भाड्याने दिलं. निघताना काकू माझा हात धरून बसल्या होत्या. "फोन करजो," एवढंच.

मी फोन करत होते. सुरुवातीला बोलणं व्हायचं, मग त्यांना ऐकू कमी येऊ लागलं. त्यानंतर लेखिकेचं आणखी एक पुस्तक निघालं. मी ते मुलीकडून पुण्याहून मागवलं आणि दोन दुपारींत संपवलं. वाईट होतं, पण मला खरं तर आनंद झाला, कारण काकूंना सांगायला किती काय काय होतं! या वेळी बंगला समुद्राकाठी होता. मी लगेच फोन लावला. नातीने उचलला, "दादी, आपका फोन," म्हणाली.

"काकू, तिचं नवीन पुस्तक आलं!" मी जोरात म्हणाले.

"कोणाचं वो?"

मी लेखिकेचं नाव सांगितलं. पुन्हा सांगितलं. पलीकडे कुकरची शिटी झाली, कोणीतरी तेलुगूत बोललं.

"बरं बरं," काकू म्हणाल्या. "जेवली का तू?"

"जेवली."

"जेवत जा."

मी फोन ठेवला. पुस्तक टेबलावर उघडंच होतं. त्याच्यावर मला केवढं बोलायचं होतं, नावं ठेवायची होती, हसायचं होतं. नाराज व्हायलासुद्धा समोर कोणीतरी लागतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. ती लेखिका बिघडली याचं दुःख मी इतकी वर्षं एकटीचं समजत होते. ते दोघींचं होतं, म्हणून तर सोसत होतं.

यंदा भाच्याच्या लग्नाला नागपूरला गेले होते. परत निघायच्या आधी पुस्तकांच्या दुकानात शिरले. तिची आणखी एक नवी कादंबरी समोरच रचून ठेवली होती. हातात घेतली, मागचा फोटो पाहिला. दुकानातल्या मुलीने विचारलं, "देऊ का काकू? खूप चालून राहिलं हे." मी म्हटलं, "नको, राहू दे."

गाडीत खिडकीची जागा मिळाली. गोंदियापर्यंत डब्यात चहूकडे मराठी होती. समोरच्या दोघी बहिणी आईच्या औषधांवरून भांडत होत्या आणि मी ऐकत बसले होते. गोंदियाला त्या उतरल्या. डोंगरगडला देवीच्या दर्शनाची गर्दी चढली, सगळीकडे छत्तीसगढी झाली. एका म्हातारीने मला सरकायला सांगितलं, मी सरकले. मला उतरायचं ते दुर्ग येईपर्यंत हातात काही नव्हतं, बाहेरची कापून झालेली धानाची शेतं पाहत राहिले.