दोन्ही रकाने भरा

माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या आहेत, पण जिला मी कामाचा चोखपणा समजत होते अशी चूक एकच. ती लिहून काढायचं दोन वर्षं मनात आहे. दर वेळी काहीतरी निमित्त काढून मी टाळलं.

ओहायोतल्या डब्लिनमध्ये मी बरीच वर्षं सॉफ्टवेअरचं काम करते. तेव्हा आमच्याकडे एका दवाखान्यांच्या समूहाचं काम होतं: नव्या पेशंटनं घरबसल्या नाव नोंदवायचा फॉर्म. फॉर्ममध्ये लोक वाट्टेल ते भरतात. जन्मतारीख पुढच्या वर्षीची, फोन नंबरच्या जागी ‘नंतर सांगते’, नावाच्या जागी हसरा चेहरा. असलं काही आत येऊ नये म्हणून तपासणीचा कोड लिहायचा, आणि तो कोड नीट राखण करतो की नाही हे बघायला टेस्ट लिहायच्या. टेस्ट म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅमच. तो कोडपुढे मुद्दाम कधी चुकीची माहिती ठेवतो, कधी बरोबर. कोडनं चुकीची नाकारली आणि बरोबर ती घेतली, की हिरवी खूण. नाहीतर लाल.

मला या कामाची भारी हौस. पाहुण्यांनी बूट कुठे काढावेत यावरही माझे नियम आहेत. नवरा म्हणतो, तू विमानतळावर बॅगा उघडायच्या नोकरीत शोभली असतीस. तर माझ्या टेस्टपैकी एक अशी होती: नाव आणि आडनाव, दोन्ही रकाने भरलेले हवेत. एक जरी रिकामा असला तरी फॉर्म परत. क्लायंटच्या कागदात हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी माझ्या मनानं घातलं, कारण एकाच नावाचा माणूस माझ्या डोक्यातच आला नाही.

खरं तर यायला हवा होता. आमच्या टीममध्ये नागपूरची एक मुलगी नुकतीच आली होती. पहिल्याच दिवशी ती फोनवर मराठीत बोलताना ऐकली आणि मी जाऊन तिला गाठलं. कुठली, कधी आलीस, हे विचारून झाल्यावर मी विचारलं, “आणि आडनाव काय गं?” तिनं वडिलांचं नाव सांगितलं.

“ते वडिलांचं झालं. आडनाव?”

“आम्ही आडनाव लावत नाही.”

“पण मूळचं काहीतरी असेलच ना?”

“होतं. बाबांनी काढून टाकलं,” ती म्हणाली आणि हसली. “सांगायचं असतं तर काढलं कशाला असतं, ताई?”

मीही हसले. आडनाव काढून टाकणारे लोक ते का काढतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. आडनाव कळलं की माणूस कुठला, कोणाचा, हे आपण मनात लगेच लावून टाकतो. तरी मी दोनदा विचारलं. त्याला मी आपुलकी म्हणत होते.

पुढे आमचं चांगलं जमलं. दुपारी डबा एकत्र खायचो. तिची पाटवडी मी अर्धीअधिक संपवायचे आणि माझ्या पुणेरी आमटीला ती नाकं मुरडायची. माझ्या कोडची उलटतपासणी करून मंजुरी द्यायचं काम मी तिलाच द्यायचे, कारण तिची नजर तयार होती.

रिलीजच्या आठवड्यात तिनं माझ्या टेस्टमध्ये स्वतःची एक घातली: एकच नाव दिलं, दुसरा रकाना रिकामा ठेवला, तरी फॉर्म स्वीकारला गेला पाहिजे. माझा कोड तो घेईना, त्यामुळे तिथे लाल खूण. जेवताना तिनं विषय काढला.

“ताई, ती टेस्ट बघितली का तुम्ही? फेल होतेय.”

“होणारच. टेस्टच चुकीची आहे. एकच नाव कोणाचं असतं? सिनेमातल्या हिरॉइनचं.”

“माझ्या आईचं आहे. पासपोर्टवर पण एकच नाव आहे.”

पासपोर्ट काढताना तिथला माणूस म्हणाला होता, बाई, निदान नवऱ्याचं तरी लावा. आई म्हणाली होती, माझं नाव मला पुरे आहे. हे सांगताना मुलीला आईचा अभिमान वाटत होता, तो मला दिसला.

“मग व्हिसावर काय छापलंय?”

“आईचं नाव आडनावाच्या जागी. आणि पहिल्या नावाच्या जागी एफएनयू. म्हणजे फर्स्ट नेम अननोन.”

“बघ, सोय आहे की! तेच टाकायचं.”

“ते नाव नाहीये, ताई.”

“अगं फॉर्मला काय फरक पडतो? गुरुवारी रिलीज आहे यार. एका बाईसाठी मी सगळं परत ओपन करू?”

“क्लायंटला विचारून बघू या?”

“नको,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. तिनं डब्याचं झाकण लावलं. त्याच दुपारी मी तिची टेस्ट काढून टाकली आणि शेजारी शेरा मारला, ‘इनव्हॅलिड केस’. उलटतपासणी तिच्याकडेच होती, तिनं मंजुरी दिली. सगळ्या खुणा हिरव्या झाल्या आणि ऑफिसात केक कापला गेला.

चार-पाच महिन्यांनी तिची आई आली. जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, किडकिडीत, ताठ बाई. येऊन दोन आठवडे झाले नाहीत तोच त्यांच्या डाव्या डोळ्यासमोर काळे ठिपके आणि मधूनच लखलख दिसायला लागली. मुलीला अजून हायवेवर गाडी चालवायची भीती वाटायची, म्हणून तिनं मला विचारलं. मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. दवाखाना त्याच समूहाचा होता. फॉर्म तिनं आदल्या दिवशी भरला होता, त्याबद्दल ती मला काही बोलली नाही.

नर्स दारात आली, हातातल्या कागदाकडे बघत म्हणाली, “फनू?” कोणी उठलं नाही. “फनू?” तिनं पुन्हा विचारलं. मुलीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ती उठली. “चल, आई.”

“मला बोलावलं? काय म्हणाल्या त्या?”

नर्सनं त्यांच्या मनगटाला कागदी पट्टी बांधली. त्यांनी ती चांगल्या डोळ्यासमोर धरून वाचली. “एफएनयू म्हणजे काय गं?” मुलीनं त्यांची पिशवी उचलली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“इकडची पद्धत आहे, मावशी,” मी म्हणाले. “आधी डोळा दाखवून घेऊ.”

त्या आत गेल्या आणि मी बाहेर बसून राहिले. मला स्वतःची इतकी लाज क्वचितच वाटली असेल. पेशंटचं नाव अज्ञात, हे माझ्या तपासणीला बरोबर वाटलं होतं. त्यांचं खरं नाव एकटंच आलं असतं, तर त्या तपासणीनं ते परत पाठवलं असतं. डोळ्याच्या पडद्याला बारीकशी चीर होती, त्याच दिवशी लेझर केलं, डोळा वाचला. डोळा वाचला म्हणजे मीही सुटले, असं काही दिवस मी स्वतःला समजावून बघितलं.

सोमवारी मी क्लायंटला विचारलं. दुपारपर्यंत उत्तर आलं: एकच नाव चालेल, आमची काही हरकत नाही. तिची टेस्ट मी परत घातली, कोड बदलला. चहा गार व्हायच्या आत झालं. उलटतपासणीला तिच्याकडेच पाठवलं. ‘लुक्स गुड’ एवढंच लिहून तिनं परत पाठवलं. डबा खायला ती आता दुसऱ्या टेबलावर बसायची.

मावशी परत जायच्या आधीच्या शनिवारी मी नारळाच्या वड्या करून त्यांच्या घरी गेले. माफी मागायची होती. गाडीत वाक्य घोकलं होतं: तो फॉर्म मी केला, तुमच्या मुलीनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्यांनी आनंदानं आत घेतलं, चहा केला, शाळेच्या गोष्टी काढल्या. हजेरी घेताना त्या नुसतं नाव वाचायच्या.

“आणि एका नावाच्या दोघी असल्या तर?” मी विचारलं.

“तर एक मोठी, एक धाकटी. आडनाव मी कधी वाचलं नाही. ते वाचलं की बाकीची पोरं मागे वळून बघत.”

चहाचा घोट घेऊन त्या थांबल्या.

“ते दवाखान्याचं काही मला कळलं नाही बघा. ही म्हणते, कम्प्युटरनं तसंच मागितलं. तुम्ही तर यातल्या जाणकार. हे असं कोण ठरवतं हो?”

तो फॉर्म माझा होता, हे मुलीनं त्यांना सांगितलंच नव्हतं. ती ओट्याशी उभी होती आणि आता माझ्याकडे बघत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती माझ्याकडे सरळ बघत होती. घोकलेलं वाक्य माझ्या ओठांवर होतं.

“कोणी ठरवत नाही, मावशी,” मी म्हणाले. “सिस्टिमच तशी असते.”

“असं होय,” त्या म्हणाल्या. त्यांना ते पटलं. मुलगी पुढे आली, माझ्या हातातला अर्धा भरलेला कप तिनं घेतला आणि आत नेऊन ठेवला.