भरताचा जाळ आणि धुळ्याची खुर्ची

आमच्या जळगावच्या पाइप कारखान्यात इंजिनीअरचं नशीब केबिनमध्ये ठरत नसे. फॉर्म भरले जायचे, सह्या व्हायच्या, सगळं रीतसर. पण खरा निकाल लागायचा हिवाळ्यात, शेठच्या रावेरकडच्या मळ्यात, भरीत पार्टीच्या दिवशी. शेठ एकेकाच्या खांद्यावर हात टाकून त्याला केळीच्या बागेलगतच्या बांधावरून फिरवून आणायचे. परत येताना जो उगाच आभाळाकडे बघायचा, त्याची बढती झाली असं आम्ही धरून चालायचो.

मी त्या बांधावर कधी गेलो नाही, कारण भरीत मी करायचो.

नम्रपणा घरी ठेवून सांगतो, असं भरीत तुम्ही खाल्लेलं नसणार. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर हिरवी वांगी, मग लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचणं. आणि ठेचता ठेचता माझ्या नकला. पुण्याहून आलेला सल्लागार, अडकलेलं मशीन, बिल मंजूर करताना कण्हणारे आमचे अकाउंटंट. शेठसुद्धा हसून डोळे पुसायचे. इतकी दाद मिळते म्हणजे ती कधीतरी पगारात उतरणार, असा माझा भाबडा हिशेब होता. पगार वाढायचा, पण महागाईच्या मागे धापा टाकत. कॉलेजातले मित्र कंपन्या बदलत कुठल्या कुठे गेले. माझ्या हुद्द्याला तेवढा ‘सीनियर’ चिकटला, आणि मी त्याचेही पेढे वाटले.

मग धुळ्याला नवा प्लँट निघाला. त्याला प्रमुख हवा होता. पगार बराच वाढणार होता, पण माझा जीव पगारात नव्हता. तिथे देवपुरात माझे आईवडील दोघंच राहतात आणि नानांची, म्हणजे वडिलांची, नजर अधू होत चालली होती. ती खुर्ची मिळाली असती तर मी रोज रात्री त्यांच्या शेजारी जेवायला बसलो असतो. बायकोने निघताना बजावलं, “या वर्षी वांग्यांना हात लावू नका. सरळ जाऊन शेठशी बोला.”

मी इस्त्रीचा शर्ट घालून थेट बांधापाशी जाऊन उभा राहिलो. तिकडे चुलीपाशी अकाउंटंटांनी काड्यांचा भारा एकदमच पेटवून दिला. वांगी बाहेरून कोळसा, आतून कच्ची. सगळी मंडळी माझ्याकडे बघू लागली. आता मला सांगा, प्रेक्षक जमलेत आणि पडदा वर जात नाही, हे कुणाला बघवेल? फक्त पहिला घाणा, असं म्हणत मी बाह्या सरसावल्या.

त्या दिवशी मी नवी नक्कल काढली होती. खांद्यावर हात टाकून बांधावरून चालणारे शेठ. लोक पोट धरून हसत होते. हसता हसता एकाने माझ्या मागे बोट दाखवलं. वळून पाहिलं तर खरेखुरे शेठ तसेच चालले होते, आणि त्यांचा हात माझ्या हाताखालच्या चाळीसगावच्या तरुण इंजिनीअरच्या खांद्यावर होता.

जेवणं झाल्यावर शेठ हात धुवायला आले. मी टॉवेल पुढे केला आणि म्हणालो, “शेठ, धुळ्याला मला जायचं होतं.”

ते खरोखरच चकित झाले. ते मनापासून बोलले की अहिराणीत बोलायचे.

“मंग बोलना काबर नही, भाऊ? माले वाटनं, तू आठेच खुश शे.”

इथेच खुश! बरोबरच होतं त्यांचं. त्यांनी मला दुसरं काही करताना पाहिलंच कधी होतं? त्यांचा शब्द देऊन झाला होता. त्यांनी टॉवेल माझ्या हातात परत दिला आणि स्वतःच्या घरच्यांसाठी थोडं भरीत डब्यात भरायला सांगितलं. मी भरलं. वरून कांद्याची पातही घातली.

सोमवारी तो पोरगा माझ्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. आधी कळलं असतं तर मी नावच दिलं नसतं, म्हणाला. मग चाचरत विचारलं, “सर, धुळ्यात कुठे खोली मिळेल?” देवपुरात आमचा वरचा मजला रिकामाच होता. मीच त्याला तिथे नेलं.

आता तो रोज रात्री खाली उतरून नानांना पेपर वाचून दाखवतो, दवाखान्यात नेतो. परवा मी गेलो तेव्हा नाना अर्धा तास त्याचंच कौतुक सांगत होते. मी म्हटलं, थांबा, तो पेपर कसा वाचतो ते करून दाखवतो. मी उठलो, चष्मा नाकावर ओढला, मान तिरकी केली, पेपर डोळ्यांजवळ धरला.

नानांना आता समोरचं माणूसही धुरकट दिसतं. माझा आवाज ज्या बाजूने आला होता तिकडे तोंड करून ते हसले.