चार गोल सांगणारे सियाव काका

आमच्या बेरेकुम गावच्या फुटबॉल मैदानाचं गवत सव्वीस वर्षं सियाव काकाच कापत आलेत. फाटकासमोर माझं केस कापायचं दुकान आहे, म्हणून मी म्हणायचो, काका, आपण दोघं एकाच धंद्यातले. ते म्हणायचे, "तुझं गिऱ्हाईक निदान चालत येतं."

सामना असला की शुक्रवारी ते अनवाणी सगळं मैदान फिरत आणि किती गोल होतील ते सांगत. जिंकणार कोण, हे कधीच नाही. "ते पोरांनी बघावं. चेंडू किती पळणार, तेवढंच मला कळतं." दहात सहा-सात वेळा त्यांचं खरं ठरे. स्वतः मात्र त्यांनी कधी पैज लावली नाही.

गेल्या वर्षी डोर्माशी सामना होता. दोन्ही गावांचं हाडवैर, आणि त्यामुळे दोघंही जपून खेळणारे. आधीच्या पाच सामन्यांत मिळून तीन गोल. पैजेच्या टपरीवर बसणाऱ्या सेरवाने फळ्यावर भाव लिहिले होते: तीन किंवा जास्त गोल झाले तर एका सेडीचे साडेतीन, कमी झाले तर सव्वा.

काका मैदान फिरून आले आणि म्हणाले, "चार."

"काका, डोर्माशी? चार?" मी विचारलं.

"नवं गवत आखूड आहे, जमीन कोरडी. चेंडू सुसाट सुटणार."

फाटकाशी पिनामांग काकू, म्हणजे त्यांची बायको, याम कंदाचे काप तळत होती. कढईवरची नजर न काढता ती म्हणाली, "एक. फार तर एक."

तीस वर्षांच्या संसारात तिला फुटबॉलवर बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

"तुला काय कळतं गं गोलातलं?"

"तुम्हाला तरी गवतापलीकडे काय कळतं?"

दुपारपर्यंत गावात दोन तट पडले. मी काकांवर दहा सेडी लावले. सेरवा म्हणाली, "माझा विश्वास काकूंवर. पण सव्वाच्या भावात जिंकून काय, पाण्याची एक पिशवी सुटायची."

रविवारी चेंडू खरंच सुसाट पळाला. डोर्माच्या पोरांनी अकरा वेळा गोलवर मारला आणि आमच्या गोलकीपरने, बोआहेनने, अकराही वेळा अडवला. सत्तराव्या मिनिटाला आमच्या एकाने डोक्याने चेंडू आत घातला. तेवढाच.

"काका, उरलेले तीन गवतात हरवले का?" जाता जाता लोक विचारत होते. काका कोपऱ्यांतले झेंडे उपटून आले आणि काकूच्या कढईशेजारच्या बाकावर, गिऱ्हाइकांत बसले.

"कसं कळलं तुला?"

"बोआहेनवरून. एरवी सामन्याआधी येतो आणि भीतीने दोन काप खाऊन उठतो. गुरुवारी दोन ताटल्या संपवल्या, वर शितोची तिखट चटणी मागून घेतली, आणि बहिणीच्या लग्नाच्या गप्पा मारत बसला. अशा माणसाला कोण गोल मारतंय?"

"मग एक तरी का म्हणालीस?"

"डोर्माचा गोलकीपर माझ्याकडे कुठे खातो? त्याच्या नावाचा एक ठेवला."

काका एवढे हसले की त्यांना ठसका लागला. काकूने पाणी दिलं आणि यामची ताटलीही पुढे सरकवली.

तेव्हापासून शुक्रवारी मैदान फिरून झालं की ते त्या बाकावर येऊन बसतात. कोण काय जेवलं ते ती सांगते, कोपऱ्यात किती ओल आहे ते हे सांगतात, अर्धा तास भांडतात आणि मग दोघांचा मिळून एक आकडा निघतो. पहिल्यांदा निघाला तो दोन. मी बिनधास्त पैसे लावले. गोल झाले सात.

त्या संध्याकाळी दुकान बंद करताना मला दोघं घरी जाताना दिसले. तिच्या डोक्यावर कढई, काकांच्या खांद्यावर बाक.

"दोन म्हणालं कोण होतं?" काका विचारत होते.

"तुम्ही."

"मी तीन म्हणत होतो. तू दोनवर आणलंस."

"मग ऐकलंत कशाला?"

वळणापर्यंत त्यांचं हेच चाललं होतं.