न वाचलेली अकरा पाने

तालमूद, म्हणजे आमच्या ज्यू धर्मकायद्यावरील चर्चांचा अफाट ग्रंथ, दोन रीतींनी अभ्यासता येतो. रोज एक पान, कुठेही न अडता. किंवा एकच ओळ, ती उलगडेपर्यंत. मी पहिली रीत सोडून दुसरीकडे वळलो. ओळखीचे लोक त्याला प्रगती म्हणतात, आणि मी त्यांची समजूत कधी दुरुस्त केली नाही.

आमचे बेने इस्राएल कुटुंब कोकणातले. मी काही वर्षे शाळेत शिकवून पुढे संगणकाच्या नोकरीत शिरलो आणि २००५च्या सुमारास नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला राहायला आलो. युट्रेख्टच्या ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये रोजचे पान भाषांतरासह वाचत असे. वाचून झाले की वहीत, हजेरीपटावर करावी तशी, बरोबरची खूण. कधी डोळा लागे, कधी कामाचा फोन येई. खूण मात्र चुकली नाही. अशी अकरा पाने न वाचताच हजर लागली.

वल्हांडण सणाच्या आदल्या दिवशी आमच्यात घरातल्या थोरल्या मुलग्याने, वय काहीही असो, उपास करायचा असतो. पण त्या सकाळी कुणी ग्रंथाचा एखादा भाग शेवटपर्यंत नेला, तर तो आनंदाचा प्रसंग ठरतो आणि हजर असलेल्यांना जेवता येते. त्या वर्षी माझा भाग संपत होता. मला विचारण्यात आले. मी हो म्हणालो.

सिनेगॉगच्या मागच्या खोलीत आम्ही दहा-बारा थोरले जमलो. मी शेवटच्या ओळी समजावल्या, ‘आम्ही तुझ्याकडे पुन्हा येऊ’ असे ग्रंथाला सांगितले आणि केक कापला गेला. मीही खाल्ला.

शेजारी ऐंशी उलटलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांचे आयुष्य फुलांच्या लिलावात गेलेले, पण ग्रंथाची एक ओळ ते महिनाभर पुरवीत. बशी हातात घेऊन म्हणाले, “मास्तर, पहिल्याच पानावरचं विचारतो. दोघांनी एकच वस्त्र धरलंय, दोघंही म्हणतात सगळं माझं. मग ‘अर्ध्याहून कमी माझं नाही’ अशीच शपथ का घ्यायची?”

“अर्धं अर्धं मिळणार म्हणून.”

“मग सरळ ‘अर्धं माझं’ म्हणावं की!”

मी पुस्तकाचे पहिले पान उघडले. त्यांनी विचारले, “नीट वाचलं होतं ना?”

“हे वाचलं होतं,” मी म्हणालो. मग आवाज खाली करून उरलेले सांगितले. “अकरा पानं नाही वाचली.”

त्यांनी बशी खाली ठेवली. तुकडा अख्खा होता.

“बाकीच्यांनी तुमच्यावर विसंबून खाल्लं. त्यांचं ठीक आहे. मला आता माहीत झालंय.”

त्या वयात त्यांनी दिवसभर उपास केला. माझ्या तोंडात केकची गोडी होती.

सण संपल्यावर त्यांचा फोन आला. “पुस्तक आणा. वही नको.” आम्ही त्या शपथेपासून सुरुवात केली. आधी ‘सगळं माझं’ म्हणणारा ‘अर्धं माझं’ म्हणाला तर स्वतःचाच दावा मोडतो, एवढे कळायला मला तीन बैठका लागल्या.

पुढच्या वल्हांडणापर्यंत आमची चार पाने झाली. भाग पूर्ण केला तो दुसऱ्याच कुणी. शेजारी बसलेल्या माझ्या गृहस्थांनी केकची बशी माझ्याकडे सरकवली.

“खा, मास्तर. याला मी आधीच सगळं विचारून घेतलंय.”